गाय ‘उलटते’ म्हणजे नेमके काय होते?

‘गाय उलटली’ हा गोठ्यातला शब्दप्रयोग शहरी कानांना बुचकळ्यात टाकणारा आहे. गाय माजावर आली, तिला कृत्रिम रेतन करण्यात आले, ती गाभण राहील अशी अपेक्षा धरली गेली आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली, की गाय उलटली असे म्हणतात. शेतकऱ्याच्या वहीत या तीन आठवड्यांचा हिशेब चारा, पेंड आणि मजुरी अशा रोखीच्या रकान्यांत मांडला जातो. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही आणि गाभण राहिल्याशिवाय विणे नाही. वर्षा-सव्वा वर्षाला एक वेत मिळाले तर दूधधंदा परवडतो. गाय दोन-तीनदा उलटली की हे अंतर वाढत जाते आणि भाकड काळाचा खर्च दुधाच्या पैशातून भागेनासा होतो. वारंवार उलटणारी गाय अखेर बाजार दाखवते, असा अनेक गोठ्यांचा अनुभव आहे.

देशात कृत्रिम रेतनानंतर गाभण राहण्याचे प्रमाण साधारण ३५ टक्के धरले जाते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा प्रयत्न वाया जातो. एका रेतमात्रेत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात आणि फलनाला त्यांपैकी अवघा एक पुरेसा असतो. दोन कोटींमधून एकही आपले काम पार पाडू शकत नाही, हे कसे? याचे उत्तर रेताच्या कांडीत शोधण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. प्रत्यक्षात ते बहुतांशी गाईच्या प्रजननमार्गात आणि घड्याळाच्या काट्यांत दडलेले आहे.

शुक्राणूंच्या या प्रवासाचे वर्णन शाळेच्या पुस्तकांपासून दूरचित्रवाणीवरील माहितीपटांपर्यंत सर्वत्र ‘शर्यत’ असे केले जाते. लाखो स्पर्धक धावतात, सर्वांत चपळ असेल तो जिंकतो. चित्र आकर्षक असले तरी ते फसवे आहे. मादीचा प्रजननमार्ग म्हणजे स्थिर धावपट्टी नव्हे. तो शुक्राणूंना काही ठिकाणी अडवतो, काही ठिकाणी स्वतः वाहून नेतो, बहुतेकांना बाहेर टाकतो, काहींना ठेवून घेतो आणि योग्य वेळ आली की थोड्या-थोड्यांना सोडतो. लवकर पोहोचणारा येथे बहुधा हरतो.

पहिला दरवाजा

प्रवास कोठून सुरू होतो, हे प्रत्येक जनावरात वेगळे असते. वळू आणि मेंढा रेत योनीमार्गात, गर्भाशयमुखाच्या अलीकडे सोडतात. घोड्याचे रेत थेट गर्भाशयात जाते. डुकराच्या नराचे लिंग मळसूत्राप्रमाणे पिळदार असून ते मादीच्या गर्भाशयमुखात अक्षरशः अडकते आणि दोनशे मिलिलिटरच्या आसपास रेत आत सोडते. वळूचे रेत त्या मानाने अगदी थोडे, काही मिलिलिटर असते. पण त्यात शुक्राणूंची गर्दी शेकडो कोटींची असते. निसर्गाने ही उधळपट्टी केली आहे, कारण समोर गर्भाशयमुखाचा दरवाजा आहे.

गाईचे गर्भाशयमुख हे कूर्चेसारखे टणक, आतून तीन-चार कड्यांनी वळणावळणाचे झालेले असते. एरवी ते घट्ट चिकट स्रावाने बंद असते. माजाच्या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने हा स्राव पातळ होतो आणि काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा होऊन बाहेर दिसतो. शेतकरी त्याला ‘सोट’ म्हणतात आणि माज ओळखण्याची ती एक खूण मानतात. सोटाचा प्रवाह बाहेरच्या दिशेने वाहत असतो आणि शुक्राणूंना आत जायचे असते. मात्र प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने पोहणे हा शुक्राणूंचा स्वभावच आहे. गर्भाशयमुखाच्या आतील भिंतीवर सूक्ष्म खाचा असतात. प्रवाहाचा जोर खाचांच्या तळाशी कमी असतो आणि शुक्राणू त्यांचाच आधार घेत वर सरकतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोगशाळेत अशा कृत्रिम खाचा तयार करून पाहिल्या. बैलाचे शुक्राणू त्यांतून प्रवाहाविरुद्ध वर गेले, तर गुरांमध्ये समागमातून पसरणारा ट्रायट्रायकोमोनास हा परजीवी प्रवाहाबरोबर मागे फेकला गेला. दरवाजा कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, याची निवड करतो, असा त्याचा अर्थ.

कृत्रिम रेतनात हा दरवाजा वगळला जातो. रेतन करणारा एक हात गुदमार्गातून घालून आतड्याच्या भिंतीवरून गर्भाशयमुख पकडतो आणि दुसऱ्या हाताने रेतनाची नळी त्याच्या कड्यांतून पार करून गर्भाशयाच्या तोंडाशी रेत सोडतो. शेकडो कोटींच्या ऐवजी दोन कोटींवर भागते ते यामुळे. हे हाताचे कसब आहे आणि ते सरावानेच येते. नळी पुरेशी आत गेली नाही आणि रेत गर्भाशयमुखातच सांडले, तर दोन कोटींचा आकडा एकदम तोकडा पडतो.

या तंत्राचा इतिहासही रंजक आहे. इटलीतील धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकात कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा यशस्वी प्रयोग केला. भारतात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी त्याची सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९४९ मध्ये क्रिस्टोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोंबड्याच्या रेतात ग्लिसरॉल मिसळले की ते गोठवूनही शुक्राणू जिवंत राहतात असे आढळले आणि रेत वर्षानुवर्षे साठवण्याचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली आणि पुढे या संस्थेने शेतकऱ्याच्या दारात जाऊन रेतन करण्याची पद्धत रुजवली. आज उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनची टाकी मोटारसायकलला बांधून गावोगाव फिरणारा माणूस हे ग्रामीण भागातले नेहमीचे दृश्य आहे. त्या टाकीतल्या पाव मिलिलिटरच्या एका कांडीत शुक्राणू भरलेले असतात दोन कोटी. गोठण्या-वितळण्याच्या धक्क्यात त्यांतले निम्म्याच्या आसपास निकामी होतात.

जलद आणि निरुपयोगी

गर्भाशयापासून पुढे, त्याच्या शिंगासारख्या दोन फाट्यांतून अंडनलिकेपर्यंतचे अंतर जेमतेम अर्धा मीटर. परंतु शुक्राणूची लांबी एक मिलिमीटरच्या चौदाव्या भागाइतकी. त्याच्या दृष्टीने हा पल्ला स्वतःच्या लांबीच्या काही हजारपट होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, रेतनानंतर अवघ्या काही मिनिटांत शुक्राणू गाईच्या अंडनलिकेत आढळले, तेव्हा संशोधक चकित झाले. एवढा वेग पोहण्याचा असणे शक्यच नव्हते. विशेष म्हणजे मृत शुक्राणूही तितक्याच झपाट्याने पोहोचत होते. गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन त्यांना पुढे ढकलत होते, हे त्यावरून उघड झाले.

हा शोध लागल्यावर बराच काळ असा समज राहिला की, काही मिनिटांत काम फत्ते होते. तो चुकीचा ठरला. सशांवरील १९७८ च्या अभ्यासात, अशा झपाट्याने पोहोचलेले शुक्राणू जवळपास सर्व जखमी वा गतिहीन असल्याचे दिसून आले. स्त्रीबीजाशी मीलन करणारे शुक्राणू मागाहून, संथपणे येतात. गाईत हे नेमके कधी घडते, याचा मागोवा रोनाल्ड हंटर आणि इयान विल्मट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात घेतला. (‘डॉली’ या मेंढीमुळे १९९७ मध्ये जगभर गाजलेले विल्मट ते हेच.) कालवडींच्या अंडनलिका समागमानंतर ठरावीक तासांनी बंद करायच्या आणि फलन होते का ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. फलनाला पुरेसे सक्षम शुक्राणू अंडनलिकेत पोहोचायला सहा ते बारा तास लागतात, असे त्यातून निष्पन्न झाले.

या तासांत गर्भाशयात बरेच काही घडते. निम्म्याहून अधिक शुक्राणू सोटाबरोबर मागे, बाहेर वाहून जातात. रक्तातील पांढऱ्या पेशी गर्भाशयात उतरून उरलेल्यांपैकी अनेकांचा फडशा पाडतात. शरीराच्या लेखी ते परकेच असतात. स्नायूंचे आकुंचन ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते आणि भेदरलेल्या जनावरात अॅड्रेनालिन त्याच्या आड येते. रेतनाआधी गाईला पळवू नये, मारू नये, उन्हात ताटकळत ठेवू नये, असे जाणकार सांगतात त्याला हा शास्त्रीय आधार आहे. गाय दोरीने आवळून, चार जणांनी धरून, आरडाओरड करत रेतन उरकण्याची आपल्याकडची तऱ्हा पाहता हे पुन्हा सांगणे अस्थानी होऊ नये.

साठा आणि सुटका

गर्भाशयाचे शिंग आणि अंडनलिका यांच्या सांध्यावर आणखी एक चिंचोळा दरवाजा आहे. तेथवर पोहोचणाऱ्यांची संख्या कोटींवरून हजारांवर येते. तो ओलांडला की अंडनलिकेचा अरुंद भाग लागतो आणि येथे शर्यतीची कल्पना पुरती मोडीत निघते, कारण येथे शुक्राणू थांबतात. नलिकेच्या अस्तरावर विशिष्ट शर्करायुक्त रेणू असतात आणि शुक्राणूंच्या डोक्यावरील प्रथिने त्यांना चिकटतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या सुसान सुआरेझ यांनी बैलाच्या शुक्राणूंबाबत ही जोडणी उलगडून दाखवली. अस्तराला चिकटलेले शुक्राणू शांत राहतात, त्यांची ऊर्जा वाचते आणि आयुष्य वाढते. एका परीने हे गोदामच होय.

असे गोदाम बहुतेक पाळीव प्राण्यांत आहे, परंतु त्याची मुदत निरनिराळी. गाईत ती साधारण एक दिवस, घोडीत पाच-सहा दिवसांपर्यंत. कोंबडीने तर यात कमाल केली आहे. तिच्या प्रजननमार्गातील सूक्ष्म नळ्यांमध्ये शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात, त्यामुळे कोंबड्याशी एकदा संग झाला की ती अनेक दिवस फलित अंडी देत राहते. गाईला ही सवलत नाही.

गोदामातील मुक्कामात शुक्राणूंमध्ये एक बदल घडतो. ताजे रेत आणि ताजे स्त्रीबीज काचेच्या बशीत एकत्र ठेवले, तर फलन होत नाही, या कोड्याने संशोधकांना दीर्घकाळ छळले होते. १९५१ मध्ये अमेरिकेत एम. सी. चांग यांनी आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे त्याची उकल केली. शुक्राणूंनी मादीच्या प्रजननमार्गात काही तास काढल्याशिवाय त्यांना फलनाची क्षमताच येत नाही. त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचा थर उतरतो, पेशीआवरण बदलते आणि शेपटीची हालचाल सौम्य लहरीऐवजी चाबकाच्या फटक्यासारखी जोरकस होते. मानवी टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रालाही याच शोधाने पाया मिळाला. एकदा ही क्षमता आली की शुक्राणूचे आयुष्य मात्र मोजके उरते. म्हणून सर्वांनी एकाच वेळी सज्ज होणे धोक्याचे. अंडाशयातून स्त्रीबीज सुटण्याची वेळ जवळ येते तसतसे शुक्राणू थोड्या-थोड्या संख्येने अस्तरापासून विलग होतात आणि नलिकेच्या रुंद भागाकडे निघतात.

तेथे स्त्रीबीजापाशी पोहोचतात ते बोटांवर मोजण्याइतके. त्याच्याभोवती पेशींचे वेटोळे आणि आत पारदर्शक कवच असते. शुक्राणूच्या डोक्यावरील टोपीसारख्या पिशवीतून विकरे बाहेर पडतात, कवच भेदले जाते आणि एक शुक्राणू आत शिरतो. त्याच क्षणी स्त्रीबीजाच्या परिघावरील सूक्ष्म कण आपला ऐवज बाहेर सोडतात, कवचाचे गुणधर्म पालटतात आणि इतरांना मज्जाव होतो. स्त्रीबीज शिळे झाले असेल तर हा मज्जाव ढिला पडतो, एकाहून अधिक शुक्राणू आत घुसतात आणि असा गर्भ टिकत नाही.

अर्ध्या दिवसाचे गणित

आता घड्याळ मांडता येईल. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. माज सुरू झाल्यापासून सुमारे २७-२८ तासांनी, म्हणजे माज ओसरल्यानंतर, स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडते. ते फलनक्षम राहते जेमतेम सहा ते बारा तास. शुक्राणूंना पोहोचून सज्ज व्हायला सहा-आठ तास हवेत आणि गोठवलेल्या रेतातील शुक्राणूंचे आयुष्य दिवसभराचे. रेतन फार लवकर केले तर स्त्रीबीज येईपर्यंत शुक्राणू संपलेले असतात. फार उशिरा केले तर शुक्राणू ताजे, पण स्त्रीबीज शिळे.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात जॉर्ज ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात यावरून एक साधा नियम घालून दिला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे पशुवैद्यकही हेच सांगतात. व्हर्जिनियातील संशोधकांनी पुढे या नियमामागची तडजोड दाखवून दिली. माजाच्या सुरुवातीलाच रेतन केल्यास फलनाचे प्रमाण कमी, पण जे गर्भ तयार होतात ते चांगल्या प्रतीचे. २४ तासांनी केल्यास फलन अधिक, पण गर्भ निकृष्ट. मधली सुमारे १२ तासांची वेळ दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे सोडून जास्तीत जास्त पदरात पाडते.

नियम सोपा आहे, परंतु तो ‘माज सुरू झाला तो क्षण’ माहीत असल्याचे गृहीत धरतो. आपल्या गोठ्यांत अडते ते येथे. दुसरी गाय अंगावर उडाली तरी स्थिर उभी राहणे ही माजाची सर्वांत खात्रीची खूण. दावणीला एकटीच बांधलेल्या गाईत ती दिसणार कशी? मग हंबरणे, दूध कमी होणे, सोट यांवरून अंदाज बांधावा लागतो. देशी गाईंचा माज संकरित गाईंपेक्षा आखूड. म्हशींचे तर आणखी अवघड. त्यांचा माज अनेकदा ‘मुका’ असतो, रात्री किंवा पहाटे येऊन जातो आणि उन्हाळ्यात जवळजवळ दिसेनासा होतो. सकाळी धारेच्या वेळी सोट दिसला म्हणून माज सकाळीच सुरू झाला असे नव्हे. तो आदल्या संध्याकाळचाही असू शकतो आणि मग संध्याकाळचे रेतन उशिराचे ठरते. काही गाईंमध्ये माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तमिश्रित स्राव दिसतो. त्या वेळी धावपळ करून केलेले रेतन बव्हंशी वाया जाते, कारण स्त्रीबीज केव्हाच येऊन गेलेले असते. गाय उलटली की ‘रेत खराब होते’ किंवा ‘गाईतच खोट आहे’ असे निदान चटकन होते. माज नेमका कधी सुरू झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सर्वच दोष वेळेच्या माथी मारणेही योग्य नव्हे. निरोगी कालवडींत योग्य वेळी रेतन झाले तर फलनाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते, असे परदेशातील अभ्यास सांगतात. पण वासरू जन्माला येण्याचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी भरते. तफावतीतले बहुतांश गर्भ पहिल्या सोळा दिवसांतच नाहीसे होतात. गर्भ चार-पाच दिवसांनी अंडनलिकेतून गर्भाशयात उतरतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून आपण असल्याची वर्दी देतो. ही वर्दी मिळाली नाही, तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, अंडाशयावरील पीतपिंड विरतो आणि २१ व्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. म्हणजे उलटलेल्या अनेक गाई काही दिवस खरोखरच गाभण असतात, फक्त ते कोणाला कळत नाही. संकरित गाई उन्हाळ्यात अधिक उलटतात त्याचे एक कारण हे. गाईच्या शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी कोवळा गर्भ तग धरत नाही.

मात्रा दहापट लहान

या साऱ्याला अलीकडे आणखी धार आली आहे ती लिंगनिश्चित रेतामुळे, म्हणजे जवळपास फक्त कालवडीच जन्माला घालणाऱ्या रेतमात्रांमुळे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे गोऱ्हा जन्मला की दुग्धव्यावसायिकाच्या कपाळाला आठी पडते. मादी वासरू देणाऱ्या ‘एक्स’ शुक्राणूत नर वासरू देणाऱ्या ‘वाय’ शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के अधिक डीएनए असतो. डीएनएला चिकटणारा रंग वापरून, लेझर किरणांसमोरून एकेक शुक्राणू नेऊन, प्रकाशाच्या या किंचित फरकावर त्यांची वर्गवारी केली जाते. अमेरिकी कृषी खात्यातील लॉरेन्स जॉन्सन यांनी या पद्धतीने १९८९ मध्ये सशांची पिल्ले मिळवली होती. गुरांत आज ९० टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळते. भारतात विकसित झालेल्या अशा तंत्राचे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. त्यामुळे एका मात्रेची किंमत सुमारे २०० रुपयांनी उतरेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते.

किंमत हा प्रश्नाचा एक भाग झाला. वर्गवारी संथ आणि खर्चिक असल्याने या मात्रेत शुक्राणू भरले जातात ते साधारण २० ते ४० लाख. नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत दहावा, फार तर पाचवा हिस्सा. शिवाय रंग, लेझर, दाब आणि मग गोठण या साऱ्यांतून गेलेले हे शुक्राणू थकलेले असतात. त्यांच्यात फलनक्षमतेचे बदल आधीच सुरू झालेले असतात आणि अंडनलिकेतील गोदामात ते फार काळ तग धरत नाहीत. म्हणून या मात्रेसाठी १२ तासांचा जुना नियम थोडा पुढे सरकवून, स्त्रीबीज सुटण्याच्या आणखी जवळ रेतन करावे, असा सल्ला दिला जातो. शक्यतो ती कालवडींना किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गाईंना आणि माज प्रत्यक्ष पाहिला असेल तेव्हाच वापरावी, असेही सांगितले जाते. त्यासाठी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी असे दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटे कोणीतरी गोठ्यात उभे राहून गाईकडे पाहावे लागते.